घरी बांधलेली जीप आणि तिच्या तारा

हौसेने घरी जीप बांधणाऱ्या माणसाकडे पाहुणा गेला, तर त्याला आधी चाके दाखविली जातात. मग गाडी जमिनीपासून किती उंच उचलली, पाटे कोठून आणले, कोणत्या भंगारबाजारात ॲक्सल मिळाला, याची रसभरित हकिगत होते. इंजिन सुरू करून त्याचा आवाजही ऐकविला जातो. तारांची गोष्ट मात्र क्वचितच निघते. त्या दर्शनी फळीच्या मागे, काळ्या फितीत गुंडाळलेल्या असतात आणि दिसायला मुळीच रुबाबदार नसतात. परंतु रात्रीच्या वेळी ओढ्याच्या मध्यावर अशी गाडी बंद पडते, तेव्हा कारण पुष्कळदा त्या फळीमागेच सापडते. आणि अंगणात उभ्या असलेल्या गाडीतून धूर येऊ लागतो, तेव्हाही संशय प्रथम तिकडेच जावा लागतो.

जीप घरी बांधता येते, याचे मूळ तिच्या जन्मातच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ ते १९४५ या वर्षांत, अमेरिकेतील विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. रणभूमीवर मोजक्या हत्यारांनी दुरुस्त होणारी गाडी हवी होती. म्हणून शिडीसारखी लोखंडी चेसी आणि तिच्यावर बोल्टांनी बसविलेले वेगळे अंग, अशी तिची साधी रचना झाली. युद्धानंतर मुंबईत महिंद्र कंपनीने जीपची जुळणी सुरू केली, आणि १९८५ साली आलेली मारुतीची जिप्सीही याच घराण्यातली, म्हणजे स्वतंत्र चेसीची. हरियाणातील मंडी डबवालीत जुन्या जीपगाड्यांना नवे रूप देण्याचा मोठा धंदाच उभा राहिला. इतरत्र एखादा हौशी गृहस्थ सैन्याने निकालात काढलेली गाडी विकत घेतो आणि सुटीचे दिवस तिच्याखाली पाठीवर पडून घालवितो.

अशा जुन्या गाडीतील तारा म्हणजे अनेक हातांनी लिहिलेली एक वहीच असते. एका मालकाने रेडिओ बसविला, दुसऱ्याने कर्णा, तिसऱ्याने धुक्याचे दिवे. प्रत्येकाने जेथे प्रवाह मिळाला तेथून तो घेतला. हे गुंतवळ उलगडीत बसण्यापेक्षा ते समूळ काढून नव्याने तारा ओढणे शहाणपणाचे. मात्र त्याआधी कागदावर नकाशा काढावा लागतो : बॅटरी कोठे, प्रत्येक दिवा कोठे, प्रवाह कोणत्या मार्गाने जातो आणि कोणत्या मार्गाने परत येतो. ज्याने हा कागद काढला नाही, तो पुढे सारा वेळ अंदाजावर काम करीत राहतो.

खरे काम येथे हिशेबाचे आहे. साठ वॅटचा दिवा बारा व्होल्टवर पाच अँपिअर प्रवाह घेतो. दोन दिवे दहा. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०·०१७ ओहम असतो. बॅटरीपासून बटणापर्यंत आणि तेथून दिव्यापर्यंत पाच मीटर तार लागली, तर दहा अँपिअर प्रवाहाने सुमारे नऊ दशांश व्होल्ट त्या तारेतच खर्च होतात. तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, की हीच तूट एक तृतीयांश व्होल्टवर येते. हा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु तंतूच्या दिव्याला व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी मिळाले, तर त्याचा प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. दिवे मंद म्हणून अधिक वॅटचे दिवे आणणारा माणूस त्याच बारीक तारेवर अधिक भार टाकतो, आणि ती आणखी तापते.

युद्धकाळातील जीपगाड्या सहा व्होल्टच्या होत्या. व्होल्टेज निम्मे म्हणजे तितक्याच शक्तीला प्रवाह दुप्पट. म्हणून त्यांच्या केबली जाड असत. जुन्या गाडीचे मूळ रूप जपू पाहणारे कित्येक जण तिला आजच्या बाजारातील बारीक बॅटरी-केबल लावतात आणि मग स्टार्टर कुंथतो म्हणून इंजिनाला बोल लावतात.

आता फ्यूज. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. फ्यूज रक्षण करतो ते तारेचे. दिवा जळाला तर नवा मिळतो. पण तारेवरील आवरण घासून ती चेसीला टेकली, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर प्रवाह धावतो आणि क्षणात तार लाल होते. म्हणून फ्यूजचे आकडे तार किती प्रवाह सोसते यावरून ठरवावयाचे, आणि त्याची जागा बॅटरीच्या शक्य तितकी जवळ. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज मधल्या तीन मीटर तारेला काहीच संरक्षण देत नाही. फ्यूज पुन्हापुन्हा जातो म्हणून दहाच्या जागी तीसचा बसविणारे, किंवा त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणारे महाभाग सर्वत्र आहेत. त्यांनी पहारेकऱ्याला झोपेचे औषध दिलेले असते, इतकेच.

दिव्यांचा सगळा प्रवाह दर्शनी फळीवरील बटणातून फिरविण्याचेही कारण नाही. ते काम रिले नावाची लहानशी पेटी करते. बटणातून जाणारा अत्यल्प प्रवाह तिच्यातील वेटोळ्याला चुंबक बनवितो आणि तो चुंबक जाड तारेचा मार्ग जोडून देतो. बटण टिकते, तारेची लांबीही घटते.

जाणारी तार सर्वांना दिसते. परतीची वाट विसरली जाते. मोटारगाडीत ही परतीची वाट म्हणजे बहुधा चेसी आणि अंग. घरी बांधणारा माणूस चेसी स्वच्छ करून तिला सुरेख रंग देतो, आणि त्या रंगावरच परतीच्या तारेचे टोक आवळतो. रंग प्रवाह वाहून नेत नाही. मग डाव्या वळणाचा इशारा दिला की मागचा दिवाही लुकलुकतो, कर्णा वाजविला की दिवे मंदावतात. कारण अडलेला प्रवाह दुसऱ्याच कुठल्या तरी दिव्यातून घरी परतण्याची वाट शोधीत असतो. याहून वाईट प्रकार इंजिनाच्या बाबतीत होतो. इंजिन रबराच्या ठोकळ्यांवर बसलेले असते; त्याला चेसीशी जोडणारी जाड पट्टी बसवायची राहिली, तर स्टार्टरचा सारा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून परत येऊ पाहतो. ती केबल तापून धुमसते, आणि पेट्रोलची नळी तेथून फार दूर नसते. रंग खरवडून चकाकते लोखंड दिसल्यावरच टोक आवळावे, आणि मग वरून ग्रीसचा हात फिरवावा.

रानातली गाडी सडकेवरच्या गाडीहून वेगळी ठरते ती हिसक्यांमुळे आणि पाण्यामुळे. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी कडे न घातल्यास पत्र्याची धार महिन्याभरात आवरण कापते. तारेला डाग देऊन जोडणे घरगुती विजेच्या कामात उत्तम. येथे मात्र वितळलेले कथील तारेत चढून तिला ताठ करते, आणि कंपनाने ती नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते. योग्य पकडीने घट्ट दाबलेले टोक अधिक टिकते. कारखाने तेच करतात. जोड चाकाच्या वर किंवा चेसीच्या पोकळीत ठेवू नयेत, कारण चिखल तेथेच साचतो.

पावसाळ्यात गोव्यात २०१४ सालापासून भरू लागलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या शर्यतीत अशा गाड्यांची कसोटी लागते. तेथे विंचशिवाय चालत नाही. चिखलात रुतलेली गाडी ओढताना पूर्ण भाराखाली विंच चारशे अँपिअरपर्यंत प्रवाह घेऊ शकते. म्हणजे साठ वॅटचे ऐंशी दिवे एकदम लावल्यासारखे. तिच्या केबली अंगठ्याएवढ्या असतात, आणि हाताशी एक तोडबटण असावेच लागते, ज्याने सारी बॅटरी एका झटक्यात अलग होईल.

हौशी लोकांना न रुचणारी एक गोष्ट कायद्याची आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, नोंदणी-पत्रकातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अननुज्ञात फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तेव्हा मोठी चाके आणि वाढविलेली उंची यांचा विचार करताना गाडी सडकेवर न्यायची आहे, की खाजगी जमिनीवर आणि शर्यतीतच चालवायची आहे, हे आधी ठरविलेले बरे. नव्याने, हिशेबाने ओढलेल्या तारांबद्दल मात्र सहसा कोणी हरकत घेत नाही. उलट, विम्याचा दावा करण्याची वेळ आली, तर वाटेल तसे जोडलेले दिवे मालकाच्या अंगाशी येऊ शकतात.

सगळे जोडून झाल्यावर बॅटरी एकदम लावण्याचा मोह आवरावा. प्रथम सर्व बटणे बंद करावी. धन टोक आधी आवळावे आणि ऋण टोक शेवटी. म्हणजे पाना चुकून चेसीला लागला तरी ठिणगी उडत नाही. काढताना याच्या उलट. ऋण टोक जोडण्याआधी बॅटरी आणि त्याची केबल यांच्यामध्ये बारा व्होल्टचा, एकवीस वॅटचा एक साधा दिवा धरावा. कोठे तार चेसीला टेकली असेल, तर दिवा लख्ख पेटतो, आणि त्याच्यातून दोन अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह जाऊच शकत नसल्याने काही जळत नाही. मग एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्याच्यासरशी दिवा विझतो, त्या तारेत दोष. दिवा पहिल्यापासूनच अंधारा राहिला, तर केबल आवळून किल्ली फिरवायला हरकत नाही.