हैदराबादचे फुगे, धाराशिवचे आकाश

उपग्रह सोडण्यासाठी जमिनीवरचाच तळ लागतो असे नाही. विषुववृत्तावर पृथ्वीच्या परिवलनाचा वेग सर्वाधिक असल्यामुळे तेथून निघालेल्या अग्निबाणाला तेवढ्याच इंधनात अधिक वजन नेता येते, आणि हा लाभ साधण्यासाठीच प्रशांत महासागरातील ‘ओडिसी’ या तरंगत्या मंचावरून १९९९ पासून उड्डाणे झाली. समुद्रापासून दूर असलेल्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याचा संबंध येतो तो तरंगत्या मंचाच्या दुसऱ्या आणि कितीतरी स्वस्त प्रकाराशी, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रातून सुटणाऱ्या महाकाय फुग्यांशी.

विश्वकिरणांच्या, अर्थात अवकाशातून येणाऱ्या अतिवेगवान कणांच्या, अभ्यासासाठी संस्थेचे संस्थापक होमी भाभा यांनी आरंभलेल्या उड्डाणांत या कामाचे मूळ आहे. क्ष-किरण व दूरचे अवरक्त किरण वातावरणात शोषले जात असल्याने ते टिपणारी उपकरणे ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर न्यावी लागतात. फुगा ती नेतो आणि, उपग्रहाला सहसा न जमणारी गोष्ट, परतही देतो. फुग्याचे पॉलिथिन भाजीच्या पिशवीहूनही पातळ असते व त्यात हायड्रोजन भरतात. उड्डाणापूर्वी केवळ माथ्याशी वायूचा गोळा दिसतो, बाकीचे प्लॅस्टिक रिकामेच असते. कारण वर हवेचा दाब घटेल तसा तोच वायू फुलत जातो आणि फुग्याचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो.

निरीक्षण संपले की रेडिओ-आज्ञेने पेटी फुग्यापासून सुटते आणि हवाईछत्रीने खाली येते. वाऱ्यांची दिशा उंचीनुसार व ऋतूनुसार बदलत असल्यामुळे ती हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास कोठेही उतरू शकते. धाराशिव जिल्ह्यातील, सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील नळदुर्ग व उमरगा याच टापूतले. म्हणून, रंगीत छत्रीखालची पेटी दिसल्यास तिला हात न लावता पोलीस ठाण्यास, टपाल कार्यालयास वा प्रशासनास कळवावे आणि बक्षीस घ्यावे, अशी सूचना संस्था या पट्ट्यातील लोकांसाठी काढते. प्रयोगाची अखेरची कडी अशा रीतीने प्रयोगशाळेबाहेरच्या, बहुधा शेतातल्या, माणसावर सोपवलेली असते.

त्या सूचनेमागचे कारण २००५ च्या एप्रिलमधील उड्डाणावरून उमगते. मूळचे कोल्हापूरचे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचा सहभाग असलेल्या, इस्रोच्या त्या प्रयोगात सुमारे साडेसात लाख घनमीटरच्या फुग्याने ४५९ किलो वजन वर नेले. द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्वात व निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्यांनी २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा टिपली. हैदराबाद व पुणे येथील तपासणीत जिवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या, त्यांतील एकीला आर्यभटाचे नाव मिळाले. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असे त्यातून सिद्ध झाले नाही, आणि शास्त्रज्ञांनी तसा दावाही केला नाही. मात्र उतरलेले नळकांडे वाटेत कोणी उघडले असते, तर उघडणाऱ्याच्या हातावरचे जंतू आणि आकाशातले जंतू वेगळे ओळखणे कठीण झाले असते.