ओट्याचा दगड निवडताना लिंबू सोबत ठेवा

मैत्रिणीने नव्या घरात पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा ओटा करून घेतला. सोलकढीसाठी आमसुलं भिजत घातली होती, त्या वाटीखाली थोडं पाणी ओघळलं. लाल ओघळ तिने पुसला, तो गेलाही. पण खिडकीतून तिरपा उजेड आला की वाटीच्या बुडाएवढं एक मंद वर्तुळ दिसायचं. साबणाने घासून झालं, खाण्याच्या सोड्याने घासून झालं. ते जाणार नव्हतं, कारण तो डाग नव्हताच. तेवढ्या जागी दगड झिजला होता.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आंबट काही लागलं की आम्ल त्याला विरघळवतं आणि पॉलिशचा गुळगुळीतपणा जातो. आपल्या स्वयंपाकात तर चिंचेचा कोळ, लिंबू, ताक, टोमॅटो यांची रोजचीच ये-जा. मकराण्याचा दगड ताजमहालाला शोभला. रोज आमटीला फोडणी पडते त्या ओट्यावर तो मी कुणालाही सुचवणार नाही.

आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्याचं नाव मिरवणारा काळा कडप्पाही चुनखडकच, आणि राजस्थानचा कोटाही. थराथरांचा खडक असल्याने सरळ लाद्या निघतात आणि स्वस्त पडतात. जुन्या घरांत कडप्प्याचे ओटे असायचे. काही वर्षांत ते राखाडी पडत, मग घरातली बाई त्यावर तेलाचा हात फिरवी आणि चार दिवस ओटा पुन्हा काळाभोर दिसे. आजही ओट्याचे उभे पाय आणि खालचे कप्पे यांसाठी कडप्प्यासारखा दगड नाही. वर मात्र ग्रॅनाइट हवा.

ग्रॅनाइटमध्ये असतं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार. मोहस् मापावर त्यांचा कठीणपणा ६ ते ७, संगमरवराचा ३, सुरीच्या पात्याचा साडेपाचच्या आसपास. एवढ्यावरून कशावर ओरखडा उठेल ते कळतं. लिंबू-चिंचेने त्याची चकाकी जात नाही, आणि गरम कुकर थेट ठेवला तरी सहसा काही होत नाही. सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीच्या खाणींतून येतो. भूशास्त्राच्या हिशेबाने तो ग्रॅनाइट नाही, गॅब्रोच्या जातीचा खडक आहे. पण ओट्यासाठी उत्तमच. फिकट रंगाचे काही ग्रॅनाइट मात्र तेल पितात, त्यांना सीलर लावावा लागतो.

फरशीवाल्याकडून नमुन्याचा तुकडा घरी आणा. त्यावर लिंबाची फोड पंधरा मिनिटं पालथी ठेवा. खालची जागा निस्तेज झाली तर दगड चुन्याचा. दुसऱ्या कोपऱ्यावर तेलाचा थेंब टाकून रात्रभर राहू द्या. सकाळी पुसूनही डाग राहिला तर दगड तेल पिणारा. काळा दगड असेल तर पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसा. फडकं काळं झालं तर रंग खाणीतला नव्हे, डब्यातला आहे.

आता शोरूममध्ये सगळ्यात पुढे मांडलेला असतो तो क्वार्ट्झ. हा खाणीतून अखंड निघत नाही. साधारण नव्वद टक्के दळलेलं क्वार्ट्झ रेझिनमध्ये बांधून त्याचे पत्रे करतात. दिसायला एकसारखा, डागही सहज धरत नाही. पण रेझिनला आच सोसत नाही. साधारण १५० अंशांच्या पुढे ते पिवळं पडू शकतं, आणि भाकरीचा तापलेला तवा त्याहून कितीतरी गरम असतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हा पत्रा कोरडा कापताना सिलिकाची अतिबारीक धूळ उडते. ती फुप्फुसात साचून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कामगारांच्या या आजारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटच्या धुळीतही सिलिका असतेच, प्रमाण कमी इतकंच.

म्हणून दगड कोणताही घ्या, सिंक आणि शेगडीची मापं आधी पक्की करा आणि दुकानातच पाण्याच्या धारेखाली कापून घ्या. घरी कापावंच लागलं तर कोरडं कापू देऊ नका. आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून आलेल्या कारागिराच्या हातात काम सुरू होण्याआधी एन-९५ मास्क द्या.