दोन काचांमधली धूळ : फायबरच्या सफाई-साधनांचा मागोवा

प्रकाशतंतूच्या, म्हणजे व्यवहारात ज्याला फायबर म्हणतात त्या काचेच्या बारीक धाग्याच्या, इतिहासात काचेची शुद्धता, लेसर आणि प्रवर्धक यांना भरपूर जागा मिळाली आहे. दोन तंतू जिथे एकमेकांना भिडतात तिथली घाण काढणाऱ्या साधनांची दखल मात्र क्वचितच घेतली गेली. 1970 मध्ये कॉर्निंग कंपनीतील मॉरर, केक आणि शुल्त्झ या संशोधकांनी किलोमीटरमागे 20 डेसिबलहून कमी प्रकाश गमावणारा तंतू तयार केला. त्यानंतर हा क्षय झपाट्याने घटत जाऊन 0.2 डेसिबलच्या आसपास स्थिरावला, आणि त्यामुळे पाच किलोमीटर केबलमध्ये जेवढा प्रकाश गमावला जातो तेवढा एका अस्वच्छ जोडावर सहज गमावला जाऊ लागला. काच जसजशी सुधारली तसतसा जोड हा यंत्रणेचा दुबळा भाग ठरत गेला.

लांब पल्ल्याच्या सिंगल-मोड तंतूत प्रकाश ज्या मधल्या गाभ्यातून जातो त्याचा व्यास सुमारे 9 मायक्रोमीटर असतो आणि त्याभोवतीच्या काचेच्या आवरणासह तंतूचा व्यास 125 मायक्रोमीटर भरतो. हा तंतू फेरूल नावाच्या सिरॅमिकच्या नळीत बसवून तिचे टोक घासून गुळगुळीत करतात, आणि अशी दोन टोके अडॅप्टरमध्ये समोरासमोर आली की जोड तयार होतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने पाहता 1 मायक्रोमीटरचा कण गाभ्याचा जेमतेम एक टक्का झाकतो, पण 9 मायक्रोमीटरचा, अजूनही डोळ्यांना न दिसणारा, कण तो संपूर्ण झाकू शकतो. कण गाभ्याच्या बाहेर पडला तरी तो दोन काचांना टेकू देत नाही. मधे हवेची फट राहते आणि काही प्रकाश उलट फिरून लेसरलाच अस्थिर करतो.

आरंभीच्या काळात हा प्रश्न एवढा तीव्र नव्हता. 1979 मध्ये पुण्यात शिवाजीनगर आणि कँटोन्मेंट या टेलिफोन केंद्रांदरम्यान भारतातली पहिली प्रकाशतंतू-जोडणी सुरू झाली, त्या सुमारास जगभरातल्या बहुतेक यंत्रणा मल्टिमोड तंतूंच्या होत्या, ज्यांचा गाभा 50 मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठा असे. शिवाय तंतूचे टोक धरणाऱ्या अनेक कनेक्टरांमध्ये दोन टोकांच्या मधे जाणूनबुजून किंचित फट ठेवलेली असे, कारण काचेला काच घासून ओरखडे पडण्याची भीती होती. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे चार टक्के प्रकाश परततो, म्हणजे फटीमुळे जवळपास 0.3 डेसिबलचा तोटा ठरलेलाच असे. तरीही ज्या यंत्रणेत तेवढा तोटा गृहीत धरला होता तिथे थोड्या धुळीने फारसे अडत नसे.

परिस्थिती पालटली ती जपानच्या एनटीटी या दूरसंचार संस्थेने विकसित केलेल्या एफसी आणि नंतरच्या एससी कनेक्टरांबरोबर. फेरूलचे टोक किंचित फुगीर घासून स्प्रिंगच्या दाबाने दोन्ही गाभे प्रत्यक्ष एकमेकांना टेकवायचे, ही फिजिकल कॉन्टॅक्ट म्हणून ओळखली जाणारी रचना 1980च्या दशकात रूढ झाली आणि हवेची फट संपली. मात्र 2.5 मिलिमीटरच्या फेरूलवर सुमारे 10 न्यूटनचा दाब येतो, आणि मधे सापडलेला कण या दाबाखाली भरडला जाऊन त्याचे तुकडे गाभ्याकडे सरकतात किंवा काचेत कायमचा खड्डा पाडतात. पूर्वी धूळ केवळ प्रकाश अडवत होती. आता ती काच फोडू लागली. सफाईच्या साधनांचा इतिहास खऱ्या अर्थाने इथून सुरू होतो.

पहिली साधने प्रयोगशाळेतून आली होती. धागे न सोडणारा कागद किंवा कापड, 99 टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि दाबाखालील हवेचा डबा, एवढ्यावर कित्येक वर्षे काम भागले. प्रत्यक्ष कामाच्या जागी हे सामान हाताशी नसले की सदऱ्याची बाही किंवा तोंडाची वाफ वापरली जाई, आणि तिच्यामागोमाग कातडीचे तेल व लाळेतले क्षारही काचेवर येत. डब्यातली हवा सुटी धूळ उडवते, तेलकट डाग मात्र तिला हलत नाही. अल्कोहोल तेल विरघळवते, पण ते पुसून न घेता वाळू दिले तर विरघळलेली घाण काचेवर वर्तुळाकार डागाच्या रूपाने परत बसते. उघड्या बाटलीतले अल्कोहोल हवेतले पाणी शोषून घेते, म्हणून कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात उघडी राहिलेली बाटली शुद्ध राहील याची खात्री देता येत नाही. दुसरीकडे, कोरड्या कापडाने जोराने पुसल्यास स्थिर विद्युतभार निर्माण होऊन आजूबाजूची धूळ टोकाकडे खेचली जाते. म्हणूनच कापडाचा एक कोपरा किंचित ओला करून तिथून कोरड्या भागाकडे टोक एकाच दिशेने सरकवावे, अशी ओल्याकडून कोरड्याकडे जाणारी पद्धत शिकवली जाऊ लागली. ती चांगली असली तरी पूर्णपणे हातावर अवलंबून आहे: कापड किती ओले, दाब किती, आणि तोच कोपरा पुन्हा वापरला की नाही, हे प्रत्येक माणसागणिक बदलते. या शेवटच्या मुद्द्यातच एकदा वापरून टाकण्याच्या तत्त्वाचे मूळ आहे, कारण काचेवरून उचललेला कण कापडावरच राहतो आणि पुढच्या पुसण्यात तो काचेवर परत जाऊ शकतो.

हातावरचे हे अवलंबन कमी करण्याचा पहिला यशस्वी उपाय म्हणजे रिळाचा सफाई-डबा. जपानी बनावटीच्या क्लेटॉपमुळे तो जगभरच्या तंत्रज्ञांना परिचित झाला. ऑडिओ कॅसेटप्रमाणे यात अतिसूक्ष्म धाग्यांच्या फितीचे रीळ असते, खटका दाबला की झाकण सरकून फितीचा कोरा भाग उघडा पडतो आणि फेरूलचे टोक त्यावरून एकदा सरकवायचे असते. वापरलेला भाग पुन्हा पुढे येत नाही, त्यामुळे विसरभोळ्या माणसालाही तीच जागा दुसऱ्यांदा वापरता येत नाही. पुसण्याची अक्कल माणसाकडून यंत्ररचनेकडे गेली, हे या साधनाचे खरे महत्त्व. एका रिळात काही शे वेळा सफाई होते आणि रीळ संपले की फक्त तेवढेच बदलता येते.

या डब्याला एक मर्यादा होती: तो सुट्या कनेक्टरसाठी होता. जोडाचे दुसरे टोक पॅनेलमागे अडॅप्टरच्या खोल भोकात असते आणि तिथे पोहोचायला यंत्राची मागची बाजू उघडावी लागे, किंवा फोमची व सूती बोंडाची काडी आत घालावी लागे, जिचे सुटलेले धागे कधीकधी मूळ धुळीहून जास्त त्रास देत. ल्युसेंट कंपनीच्या एलसी कनेक्टरने फेरूलचा व्यास निम्मा, म्हणजे 1.25 मिलिमीटर केला, एकाच चौकटीत दुप्पट जोड बसू लागले आणि बोटांना जागाच उरली नाही. या कोंडीतून पेनसारखे साधन आले, ज्याला फुजिकुरा कंपनीच्या उत्पादनाच्या नावावरून बरेच तंत्रज्ञ वन-क्लिक म्हणतात. टोक अडॅप्टरमध्ये घालून दाबले की आतला धागा पुढे सरकत असतानाच टोक फिरते, कोरा भाग काचेवरून जातो आणि खट् असा आवाज होतो. अशा पेनने साधारण 500 किंवा त्याहून थोड्या अधिक वेळा सफाई करता येते. ते संपले की बहुतेक वेळा संपूर्ण पेनच फेकले जाते.

साधने वाढण्यामागे प्रकाशाच्या वाढत्या शक्तीचाही हात होता. 1980च्या दशकाच्या अखेरीस तंतूतल्या प्रकाशाची शक्ती वाढवणारे अर्बियम प्रवर्धक आले, 1990च्या दशकात एका तंतूतून अनेक तरंगलांबी पाठवण्याची पद्धत रूढ झाली आणि गाभ्यातली शक्ती शेकडो मिलिवॉटपर्यंत गेली. 100 मिलिवॉट ही संख्या किरकोळ वाटते, परंतु 9 मायक्रोमीटरच्या गाभ्यात ती प्रतिचौरस मिलिमीटर सुमारे दीड हजार वॉट भरते आणि त्या ठिकाणचा डाग जळून काचेत वितळतो. मग सफाई झाली हे केवळ मानून चालेना. 2009 मध्ये आलेल्या आयईसी 61300-3-35 या मानकाने टोकाचे वर्तुळाकार विभाग पाडून कोणत्या विभागात किती ओरखडे आणि डाग चालतील हे ठरवले, आणि सूक्ष्मदर्शकातून तपासून, पुसून, पुन्हा तपासून मगच जोडण्याचा क्रम रूढ होत गेला. डोळ्याला न दिसणारा लेसर सुरू असताना भिंगातून थेट पाहणे धोक्याचे असल्याने पडद्यावर चित्र दाखवणारे सूक्ष्मदर्शक पसंत केले जाऊ लागले. कारखान्यातून टोपी लावून आलेले कोरे टोक स्वच्छच असते, हा समज मात्र अजून टिकून आहे. त्या प्लॅस्टिक टोपीच्या आतूनच अनेकदा घाण काचेवर येते.

पुढचा ताण दोन दिशांनी आला. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यासारख्या डेटा सेंटरच्या केंद्रांमध्ये बारा किंवा अधिक तंतू एका ओळीत धरणारे एमपीओ कनेक्टर वापरात आहेत, ज्यांत एकच कण सगळी टोके वर उचलून धरू शकतो. त्यासाठी रुंद फितीची वेगळी साधने निघाली. दुसरीकडे 2011 मध्ये मंजूर झालेल्या आणि नंतर भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेले, तर घरोघरच्या इंटरनेटमुळे तिरप्या टोकाचा हिरवा एससी कनेक्टर जिन्याखालच्या पेटीत आणि खांबावर येऊन बसला. वातानुकूलित केंद्रात जन्मलेली सफाईची शिस्त तिथे लाल मातीच्या धुळीत पाळावी लागते, आणि ठेकेदाराच्या पिशवीत तंतू कायमचे जोडणारा महागडा स्प्लाइसिंग यंत्रसंच असला तरी पेन असतेच असे नाही.

या साऱ्या वाटचालीत, वापरानंतर नेमके काय टाकायचे याबद्दलचा एक गोंधळ मात्र कायम राहिला. तांत्रिक कारणासाठी टाकून देणे अटळ आहे ते फक्त काचेला टेकलेल्या फितीचे काही मिलिमीटर. तिच्याभोवतीचे प्लॅस्टिकचे हँडल, दातेरी चाके आणि स्प्रिंग टाकण्यामागे केवळ उत्पादनाची सोय आहे. रिळाच्या डब्याने हा भेद सुरुवातीलाच पाळला होता. पेनने तो बहुतांशी पुसून टाकला, आणि या बाबतीत नवे साधन जुन्याच्या मागे गेले असेच म्हणावे लागते. दूरसंचार कंपन्यांनी आणि सरकारी खात्यांनी सफाई-साधनांच्या निविदा काढताना पेनचेही आतले रीळ बदलता यावे अशी अट घालावी.