चकमकीच्या बंदुकीतील प्रज्वलनदोष

चकमकीच्या बंदुकीचा चाप ओढल्यावर बार न उडणे किंवा उशिरा उडणे, यास प्रज्वलनदोष म्हणतात. ही बंदूक सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये विकसित झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपीय सैन्यांत प्रचलित होती.

कार्यपद्धती

चाप ओढताच घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी झडपेवर घासत जाते. त्यामुळे पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जाऊन पेटतात. त्याच आघाताने झडप उघडते आणि ठिणग्या खालच्या वाटीतील बारीक दारूवर, म्हणजे रंजकावर पडतात. रंजकाची ज्वाला नळीच्या बाजूस असलेल्या छिद्रातून (कानातून) आत जाऊन मुख्य दारू पेटवते. यांतील कोणता टप्पा चुकला हे प्रथम पाहिल्यास दोषाचे कारण सापडते.

दोष व उपाय

ठिणगी न पडणे: बहुधा गारगोटीची धार बोथट झालेली असते. हलक्या ठोक्यांनी कडेचे टवके काढून धार नवी करतात किंवा गारगोटी बदलतात. ती चामड्याच्या किंवा शिशाच्या पट्टीत घट्ट बसवावी लागते आणि तिची धार झडपेला संपूर्ण रुंदीत एकाच वेळी टेकावी लागते. झडपेवर तेल असल्यास ते पुसतात. नवी गारगोटी लावूनही ठिणग्या क्षीण राहिल्या, तर झडपेचा कठीण थर झिजलेला असू शकतो. तिला पुन्हा पाणी देणे हे कुशल कारागिराचे काम आहे.

रंजक न पेटणे: दारू दमट असणे हे याचे नेहमीचे कारण होय. काळ्या दारूची जळकी राख हवेतील ओलावा शोषते. म्हणून वाटी व झडप वरचेवर पुसून कोरडी ठेवतात.

रंजक पेटूनही बार न उडणे: कान राखेने बुजलेला असल्यास तो तारेने मोकळा करतात. वाटीत रंजक अतिरिक्त भरून कान झाकला गेल्यास ती दारू वातीप्रमाणे जळत आत जाते व बार उशिरा उडतो. यासाठी रंजक थोडे आणि कानाच्या पातळीखाली ठेवतात.

सुरक्षितता

बार न उडाल्यास नळी सुरक्षित दिशेला रोखून काही काळ थांबणे आवश्यक असते, कारण आतील दारू धुमसत असू शकते. नळीत डोकावणे किंवा लगेच नवी दारू ओतणे प्राणघातक ठरू शकते. ठिणगीची चाचणी बंदूक पूर्ण रिकामी असल्याची खात्री करूनच घेतात.

ऐतिहासिक महत्त्व

१८३४ मध्ये ब्रिटिश सैन्याने घेतलेल्या चाचणीत ६,००० बारांपैकी चकमकीच्या बंदुकांचे ९२२ बार फुकट गेले, तर आघाती टोपीच्या बंदुकांचे केवळ ३६. पहिल्या अफू युद्धात, मे १८४१ मध्ये, कँटन शहराजवळ मुसळधार पावसात ३७ व्या मद्रास नेटिव्ह इन्फन्ट्रीची एक तुकडी वेढली गेली. बंदुका पेटेनाशा झाल्याने शिपायांना संगिनींवर विसंबून राहावे लागले. त्यांच्या सुटकेस आघाती टोपीच्या बंदुका असलेले नौसैनिक धाडण्यात आले. पुढे आघाती टोपीनेच चकमकीची जागा घेतली.