त्रेचाळीस सेकंदांची फाळणी

२१ ऑक्टोबर २०१८. भारतात एव्हाना २२ तारखेची पहाट झाली होती, ४ वाजून २२ मिनिटं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गिटहबच्या नेटवर्कमधलं एक कुरकुरणारं ऑप्टिकल उपकरण बदलायचं काम चालू होतं. नेहमीचंच काम. त्यात मुख्य डेटा सेंटरचा संपर्क तुटला आणि ४३ सेकंदांत परत जुळलाही. पण जगभरचे प्रोग्रामर ज्यावर विसंबून असतात ती ही सेवा त्यानंतर २४ तास ११ मिनिटं लंगडत राहिली.

आणि गिटहबची मदार काही एका यंत्रावर नव्हती. तिथे क्लस्टर होता.

क्लस्टर म्हणजे एकच काम करणाऱ्या सर्व्हरांची टोळी. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे ऐकून काउंटरवरून परत फिरलेल्या प्रत्येकाला वाटतं, दुसरा का नाही ठेवत? हिशेबही मोहात पाडणारा आहे. वर्षातला ९९ टक्के वेळ चालणारा सर्व्हर साडेतीन दिवसांहून जास्त बंद असतो. तसे दोन जोडले, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला जेमतेम ५३ मिनिटं. अट एवढीच, की एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नको. दोघांची वीज एकाच बोर्डावरून आली असेल, तर हिशेब तिथेच कोसळतो.

मांडणी साधारण अशी असते. मागे टॉमकॅटसारखे दोन-तीन ॲप्लिकेशन सर्व्हर, पुढे आलेली कामं वाटून देणारा लोड बॅलन्सर. एचएप्रॉक्सी हा त्यातला एक. तपासणी चालू केली, की तो दर दोन सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला हाक मारतो. लागोपाठ तीनदा ओ आली नाही, तर त्याला रांगेतून काढतो. पुढे दोनदा नीट उत्तर मिळालं, की परत घेतो. हे आकडे बदलता येतात.

मग लोड बॅलन्सरच पडला तर? म्हणून तेही दोन. मुख्य यंत्र साधारण दर सेकंदाला ‘मी आहे’ असा संदेश पाठवतं. तीनेक सेकंद शांतता पसरली, की जोडीदार तोच आयपी पत्ता स्वतःकडे घेतो. अर्धा फॉर्म भरलेल्या माणसाचं लॉगिन मात्र मेलेल्या सर्व्हरच्या मेमरीत अडकू शकतं. म्हणून सेशनची प्रत इतर सर्व्हरांकडे किंवा रेडिससारख्या वेगळ्या साठ्यात ठेवावी लागते.

खरी गोम पुढेच आहे. समोरून उत्तर येत नाही, म्हणजे समोरचा मेला की मधली तार तुटली? दोन्ही यंत्रांनी ‘दुसरा गेला’ असं मानून कारभार हाती घेतला, तर एकाच खात्याच्या दोन वह्या तयार होतात. यालाच ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. उपाय बहुमताचा: मतदार विषम संख्येत ठेवायचे, तिघांपैकी दोघांचं एकमत झालं तरच नेता बदलायचा. काही ठिकाणी तर संशयित यंत्राची वीजच तोडतात.

गिटहबकडे बहुमताची सोय होती आणि ती नेमून दिल्याप्रमाणेच वागली. पूर्वेचं केंद्र दिसेना, तेव्हा उरलेल्यांनी कौल देऊन डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्याकडे सोपवला. पण पूर्वेकडे झालेल्या काही ताज्या नोंदी पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. त्यांच्या एका वर्दळीच्या डेटाबेस क्लस्टरमध्ये अशा ९५४ नोंदी निघाल्या. तोवर पश्चिमेकडे जवळपास ४० मिनिटांच्या नव्या नोंदी साचल्या होत्या. एक वही फाडली असती, तर सेवा लवकर सावरली असती. अभियंत्यांनी वेग सोडला आणि डेटा जपला; बॅकअपमधून डेटाबेस पुन्हा उभे करण्यात दिवस गेला.

त्यानंतर गिटहबने जाहीर केलेल्या सुधारणांमधली पहिली नवीन यंत्रं घेण्याची नव्हती. एका किनाऱ्यावरचा डेटाबेसचा कारभार दुसऱ्या किनाऱ्यावर आपोआप जाऊ नये, एवढीच ती सेटिंग होती.