कोणती कपात विकता येते?
अमेरिकेत ज्या भागातली हवा ठरलेल्या मानकांत बसत नाही, तिथे नवा मोठा कारखाना उभारायचा तर दुसरीकडे झालेल्या कपातीचे ‘उत्सर्जन-घट श्रेय’ जमवावे लागते. १९७७ च्या कायदादुरुस्तीने हे बंधन पक्के केले. श्रेय मिळायला कपात खरी, मोजता येणारी, कायमची, कायद्याने अंमलात आणता येणारी आणि अतिरिक्त हवी. सारी भिस्त मला ‘अतिरिक्त’वर दिसते: नियमाने करावीच लागणारी कपात विकू दिली, तर हवा तशीच राहील आणि नुसते कागद फिरतील. श्रेय विकणे म्हणजे प्रदूषणाचा परवानाच विकणे आहे, असा आक्षेप असतो. तो पुरता खरा नाही, कारण ओझोनच्या सर्वांत गंभीर श्रेणीतल्या भागांत कायद्यातले मूळ प्रमाण नव्या उत्सर्जनाच्या एका टनामागे दीड टन कपातीचे आहे. पण श्रेय दूरच्या कारखान्याचे असेल, तर नव्या धुराड्याशेजारच्या वस्तीची हवा त्याने सुधारत नाही. इथे आक्षेपकांचे म्हणणे मला पटते.