वजनकाट्याला न दिसणारं बळ

वाळूजच्या एका वाचकाने विचारलं आहे, ‘वडिलांच्या तोंडाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलंय. नंतर शरीराची आबाळ किती होईल, हे म्हणे आता कॉम्प्युटर आधीच सांगतो. खरं का?’

काही प्रमाणात खरं आहे. जुन्या रुग्णांचं वय, घटलेलं वजन, रक्ताचे अहवाल आणि पुढे त्यांचं काय झालं, हे सगळं मशीन लर्निंगला पुरवलं की नव्या रुग्णाचा धोका ते वर्तवू शकतं. पण या विचाराचा मान क्लीव्हलँडच्या हायरम स्टडली या सर्जनचा. 1936 साली, पोटातल्या अल्सरच्या ऑपरेशनआधी ज्यांचं वजन 20 टक्क्यांहून जास्त उतरलं होतं, त्यांच्यातले जवळपास एक तृतीयांश दगावल्याचं त्यांनी दाखवलं. बाकीच्यांत हे प्रमाण 3.5 टक्के होतं. यासाठी त्यांना पुरली ती फक्त वजनाची नोंद!

आपल्याकडे मात्र वजनही फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! मधुमेहाच्या अभ्यासातला हा फोटो मला इथेही फार मोलाचा वाटतो. ऑपरेशननंतर जखम भरायला शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून वापरतं, आणि ती पुंजीच आपल्यातल्या अनेकांकडे कमी असते. युरोपीय रुग्णांवर शिकलेलं मॉडेल असा बीएमआय पाहून आपल्या माणसाला खुशाल सुरक्षित ठरवील. म्हणून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्यातून येणाऱ्या रुग्णांवर पारखल्याशिवाय असं कुठलंही मॉडेल इथे वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मशीनचं खरं कसब मला दिसतं ते सीटी स्कॅनमध्ये. कर्करोगासाठी काढलेल्या त्याच स्कॅनवर, मानेच्या किंवा कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवर, स्नायूंचं क्षेत्रफळ ते क्षणात मोजतं. वेगळी तपासणी नको, वेगळा खर्च नको.

असं मॉडेल इथे पारखलं जाईतोवर एवढं करा. वडील कंपनीत असतील तर मेडिकलच्या जुन्या कागदावरचं वजन शोधा आणि आजचं शेजारी लिहा. साठ किलोंतले तीन किलो सहा महिन्यांत गेले असतील, तर तो कागद सर्जनना दाखवा आणि नाकातल्या नळीने अन्न देण्याची वेळ येण्याआधीच, ऑपरेशनपूर्वी, आहारतज्ज्ञांना भेटा.